अकरावं पान

पेन्सिल डाव्या कानामागे. लोकरीची टोपी घातली तरी तिथेच, टोपीच्या वरून खोचलेली.

चुकलं तर रेघ मारायची नाही, रबराने खोडायचं. रबराचा चुरा तळहातावर गोळा करून शर्टाच्या खिशात टाकायचा.

बिअरच्या बाटलीवरचं लेबल न फाटता एका तुकड्यात सोलायचं. मग ते परत चिकटवून बघायचं.

उठायचं झालं की दोन्ही मांड्यांवर थापा मारून “चला तर मग” म्हणायचं आणि आणखी वीस मिनिटं बसून राहायचं.

तळघराचा जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर मान वाकवायची. तिथे वर काहीही नव्हतं. आधीच्या घरात तुळई होती.

खेळात कोणाचं पात्र मेलं तर “मेलं” म्हणायचं नाही. “निघालं” म्हणायचं.

प्रत्येक कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आकडा घालायचा. किराण्याच्या यादीवरसुद्धा. कागद एकच असला तरी १.

व्हर्लिन होप्नरच्या या सवयी मी मुद्दाम टिपल्या नव्हत्या. तो गेल्यावर त्या आपोआप येऊ लागल्या. भांडी घासताना एक, बसची वाट बघताना एक. त्यांना क्रम नाही. इथला क्रम माझा आहे.

व्हर्लिन शेबॉयगन या छोट्या अमेरिकन गावाचा. सरोवराच्या काठी जन्मला, तिथेच शिकला, तिथेच अडतीस वर्षं एका फाउंड्रीत लाकडी साचे करत राहिला. पंपांचे भाग, शेगड्यांची दारं, नळांचे सांधे. आधी तो वस्तू लाकडात करायचा. मग वाळूत तिचा ठसा घ्यायचे, आणि त्यात लोखंड ओतायचे. त्याच्या टेबलाच्या खणात एक पोलादी पट्टी होती. पहिल्यांदा मी तिने काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “ही चुकीची आहे.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “हिचे इंच मोठे आहेत. लोखंड निवताना आकसतं. साचा तेवढा मोठा करावा लागतो.”

“आणि ओतताना तू तिथे उभा असायचास?”

“मी कशाला? साचा भट्टीवर जातो. मी जात नाही. साच्यात काही करायचं राहिलं असेल तर ते राहिलंच.”

तेव्हा मला ते नुसतंच छान वाटलं होतं.

आमची ओळख वाचनालयात झाली. मी मिलवॉकीहून साहित्याची पदवी घेऊन परत आले होते आणि गावातल्या वाचनालयात पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर बसत होते. व्हर्लिन झेरॉक्स काढायला यायचा. दर गुरुवारी, पाच-सहा टाइप केलेली पानं. यंत्रात एक पान अडकलं आणि मी ते सोडवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘बर्फाखालच्या राज्यात उतरणाऱ्याने आपलं नाव वर ठेवून जावं.’

“कादंबरी?” मी विचारलं.

“खेळ. अजून झालेला नाही.”

“लहान मुलांसाठी?”

त्याने माझ्याकडे बघितलं. “रविवारी ये. पॅकर्सचा फुटबॉल सामना संपला की. हरले असतील तर ड्वेनशी बोलू नकोस.”

ड्वेन कुबियाक शाळेची बस चालवायचा. तो सतरा वर्षं व्हर्लिनच्या तळघरात रविवारी खेळत होता. तिसरी आर्लिस, व्हर्लिनच्या बायकोची बहीण. बेकरीत पहाटे कडक पाव भाजायची आणि दुपारी टेबलावर डोळे मिटून बसायची, पण तिची पाळी कधी चुकायची नाही. व्हर्लिनची बायको नोरीन सहा वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. तळघरात प्लायवुडचं एक टेबल होतं, त्यावर हिरवं कापड, आणि केकच्या पत्र्याच्या डब्यात खारट बिस्किटं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाच्या कागदावर एक पात्र. माझं पात्र म्हणजे गोठलेल्या समुद्रातल्या बुरुजावर दिवा सांभाळणारी बाई. ड्वेनचा एक बुटका योद्धा होता, ज्याला पाण्याची भीती वाटायची. आर्लिसची चेटकीण. व्हर्लिन सूत्रधार. जग त्याचं, संकटं त्याची, आणि संकट आलं की निकाल फाशांचा. बारा बाजूंचे तीन फासे, मेपलच्या लाकडातून त्याने स्वतः कोरलेले.

पहिल्याच रविवारी माझ्या बुरुजाखालचा बर्फ तडकला. मी फासे उचलले.

“ए, ए,” ड्वेन म्हणाला. “इकडे दे.”

तो माझ्या डावीकडे बसला होता. त्याने उजवा तळहात उघडून माझ्यासमोर धरला. त्याचा हात मोठा होता, बोटांना वंगण. मी व्हर्लिनकडे पाहिलं.

“या खेळात आपले फासे आपण टाकत नाही,” व्हर्लिन म्हणाला. “डावीकडचा टाकतो. त्याने विचारलं की उत्तर दे.”

“काय व्हायला नको?” ड्वेनने विचारलं. एरवी तो सगळ्यांची टर उडवायचा, पण हे त्याने गंभीरपणे विचारलं.

मी गडबडले. म्हणाले, “दिवा विझायला नको.”

“ठीक,” असं म्हणून त्याने फासे मुठीत हलवले आणि टाकले. दिवा राहिला. बुरूज गेला. ड्वेन म्हणाला, “मी शब्दाला जागलो. बुरुजाचं तू बोलली नव्हतीस.” आर्लिस डोळे न उघडता हसली.

त्या हिवाळ्यात, पुढच्या उन्हाळ्यात आणि शरदात मी एकही रविवार चुकवला नाही. मला जे चार वर्षं वर्गात सापडलं नव्हतं ते त्या तळघरात होतं, असं मी तेव्हा मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत म्हटलं आहे. एकदा ड्वेन उठून वर गेला होता म्हणून आर्लिसने माझ्यासाठी फासे टाकण्याआधी विचारलं, “काय व्हायला नको?” आणि मी खेळातलं सोडून भलतंच बोलून गेले. “मला कायम त्या खिडकीवर बसायला लागायला नको.” कोणी हसलं नाही. व्हर्लिनने मान डोलावली आणि खेळ पुढे नेला.

नोव्हेंबरात व्हर्लिनला एक पत्र आलं. ते तो आठवडाभर खिशात घेऊन फिरत होता. ऑगस्टमध्ये मिलवॉकीला खेळांचा मोठा मेळा भरतो. तिथे घरी रचलेल्या खेळांसाठी एक दालन असतं. प्रत्येक टेबलावर एक खेळ, त्याची पुस्तिका, आणि येणारेजाणारे बसून खेळतात. त्याला एक टेबल मिळालं होतं. अट एकच. एक मेपर्यंत पूर्ण पुस्तिका पाठवायची, आणि ती रचणाऱ्याच्या मदतीशिवाय अनोळखी लोकांनी खेळून बघितलेली असली पाहिजे.

“मला तिथे बसायचं नाही,” तो म्हणाला. “मला लांबून बघायचंय. कोणीतरी येईल, पुस्तिका उघडेल, आणि खेळायला लागेल. मी कॉफी घेऊन पलीकडे उभा.”

“आणि कोणी नाही बसलं तर?” ड्वेन म्हणाला.

“तर कॉफी संपवून घरी.”

बोलला तसं, पण मला ठाऊक होतं की त्याला एवढी एकच गोष्ट हवी आहे. सहा वर्षं त्याने ती अठ्ठेचाळीस पानं लिहिली होती. रात्री नव्हे, सकाळी, कामाला जाण्याआधी, विजेच्या जुन्या टाइपरायटरवर.

चाचणी मी घेईन, असं मी म्हणाले. मला तिची पद्धत माहीत होती. खेळ रचणाऱ्या लोकांत तिला मुकी चाचणी म्हणतात. रचणारा खोलीत बसू शकतो, पण बोलू शकत नाही. खेळणारे अडले, चुकले, भांडले तरी नाही. डोळ्यांनी खूण करायची नाही. पुस्तिकेत आहे तेवढंच खरं.

“का पण?” ड्वेनने विचारलं. “जिवंत माणूस समोर बसलाय, त्याला विचारायचं नाही?”

“पुस्तिका पाकिटातून लोकांच्या घरी जाईल,” मी म्हणाले. “व्हर्लिन पाकिटात जाणार नाही.”

“ते खरं. बिअर कमी केली तरी नाही जाणार.”

व्हर्लिन हसला नाही. तो म्हणाला, “प्रोफेसर बरोबर बोलते आहे. साचा भट्टीवर जातो.”

तो मला प्रोफेसर म्हणायचा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मिलवॉकीहून ज्युलियन आणि माझ्या दोन जुन्या मैत्रिणी आल्या. ज्युलियन आमच्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा. तो काय म्हणेल याची मला कॉलेजात भीती वाटायची. तेव्हाही वाटत होती. त्यांना तळघरात नेताना मला पहिल्यांदा तिथला वास आला. ओल, जुना गालिचा, बॉयलर.

ड्वेन आणि आर्लिसला खेळ माहीत, म्हणून ते वर. ड्वेन अंगणात बर्फात नुसत्या शर्टावर उभा राहून सॉसेज भाजत होता. व्हर्लिन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. मी सूत्रधार.

पहिला तास बरा गेला. त्यांना बर्फाखालचं राज्य आवडलं. मग ज्युलियनच्या पात्रावर पांढरं अस्वल आलं आणि मी अकरावं पान वाचलं. ‘ज्याच्या पात्रावर वेळ आली आहे, त्याचे फासे त्याच्या डावीकडच्याने टाकावेत.’ पुढे पानभर तपशील होता. डावीकडे कोणी नसेल तर काय. दोघांवर एकाच वेळी संकट आलं तर काय. उघडा तळहात नव्हता. प्रश्न नव्हता. हे का, तेही नव्हतं.

“म्हणजे अस्वल माझ्या अंगावर,” ज्युलियन डावीकडच्या मैत्रिणीकडे बघत म्हणाला, “आणि हात हिचा?”

“लिहिलंय तसं.”

“पण का?”

मी जिन्याकडे पाहिलं. व्हर्लिनने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो हळूच उलटा झाला होता, तळहात वर.

मला प्रश्न माहीत होता. मी तो शंभर वेळा ऐकला होता. पण तो कागदावर नव्हता.

“ते लिहिलेलं नाही,” मी म्हणाले.

त्या मैत्रिणीने फासे उचलून टाकले, जसं कोणी दुसऱ्याचं ताट उचलून ठेवतं तसे. अस्वलाने ज्युलियनला मारलं. “वा,” तो म्हणाला. “मी मेलो आणि मला बोटही उचलावं लागलं नाही. श्वासही हिनेच घ्यायचा का माझ्या वाटचा?”

त्या दोघी हसल्या. मीही हसले.

मी बराच विचार केला आहे की मी का हसले. विनोद बरा होता, हे एक. ज्युलियनने माझ्याकडे बघून तो केला होता, हे दुसरं. दुसरंच खरं.

नंतर प्रत्येक वेळी अकराव्या पानापाशी खेळ अडला. वर आल्यावर पाहुण्यांनी सॉसेज खाल्ले, व्हर्लिनशी हात मिळवला, खेळ “वेगळा” आहे असं सांगितलं आणि अंधार पडण्याआधी निघाले.

व्हर्लिन स्वयंपाकघरात कोरड्या टॉवेलने कोरड्या बशा पुसत होता.

“मी मापात लिहिलं,” तो म्हणाला. “आकसायला जागाच ठेवली नाही.”

“दुरुस्त होईल,” मी म्हणाले. “मी टिपणं देते.”

टिपणं तीन पानं झाली. लाल शाईत. मी त्यावर मेहनत घेतली, आणि त्यातलं बरंचसं योग्य होतं. तिसऱ्या पानावर दोन वेळा तेच सांगितलंय. सतराव्यावर नकाशा हवा. अकराव्याखाली मी लिहिलं, ‘कारण दिसत नाही. खेळ अडतो. हसू होतं. पूर्ण पान काढावं.’

प्रश्न लिहून काढ, तळहात लिहून काढ, असं लिहिता आलं असतं. एक ओळ पुरली असती.

पुढच्या रविवारी सामन्याच्या मध्यंतरात मी ती पानं त्याला दिली. आर्लिस ओट्याशी कोबी चिरत होती. ड्वेन बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ओरडत होता. व्हर्लिनने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं.

“अकरावं?”

“हो.”

“अख्खं?”

“लोक हसले, व्हर्लिन.”

“तूही.”

“मीही.”

“हं.” त्याने कानामागची पेन्सिल काढली. परत ठेवली. “हे बघ, त्याचं असं आहे की तेव्हा—”

“नको,” मी म्हणाले. “आता तू समजावलंस तर चाचणीला काय अर्थ? मिलवॉकीत तू प्रत्येकाला समजावणार आहेस का? कागदावर नाही ते नाही.”

चाकू क्षणभर थांबला आणि परत चालू झाला. मला तो आवाज आठवतो. तेव्हा लक्षात आला नव्हता.

व्हर्लिन बराच वेळ माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्या मापाची खात्री करतात तसा.

“बरोबर आहे, प्रोफेसर,” तो म्हणाला. त्याने फाइल उघडली, अकरावं पान काढलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी उलटं घातलं. मग मांड्यांवर थापा मारल्या. “चला तर मग.”

त्या दिवशी तो लगेच उठला.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही नव्या पद्धतीने खेळलो. ज्याचे फासे त्याने टाकायचे. ड्वेन दर वेळी फासे टाकून उजवीकडे, माझ्याकडे बघायचा, काहीतरी विसरल्यासारखा. आर्लिसने हात टेबलाखाली ठेवले होते. खेळ भराभर झाला. एरवी सात वाजायचे, आता साडेपाचला संपला.

“वेळ वाचला,” व्हर्लिन म्हणाला.

“वाचला,” ड्वेन म्हणाला. “आता त्याचं काय करू ते सांग.”

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी आर्लिस मला मासे खायला घेऊन गेली. शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खातं. बाहेर रांग होती, आणि आत बसायला जागा मिळेपर्यंत आर्लिसची एक ब्रँडी संपली होती.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “सांगू नये असंही वाटतं.”

“सांग.”

“नोरीनला कंपवात होता. माहीत आहे?”

ती आजारी होती हे मला माहीत होतं, आजाराचं नाव नाही.

“शेवटची तीन वर्षं. हात असे. चमचा तोंडाशी जाईपर्यंत रिकामा. पण रविवारी खाली यायचीच. जिना बसून उतरायची, एकेक पायरी. आणि फासे टाकायला गेली की ते टेबलावरून उडायचे. बॉयलरखाली. ड्वेन पोटावर सरपटत काढायचा. ती हसायची, आम्ही हसायचो. मग एक दिवस ती हसली नाही. फासे हातात घट्ट धरून बसली. मी तिच्या डावीकडे होते. मी हात पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘काय व्हायला नको, नोरीन?’ तर म्हणाली, ‘फासा खाली पडायला नको, दुसरं काही नाही.’”

आर्लिसने माशाला लिंबू पिळलं. खाल्लं नाही.

“पुढच्या रविवारी व्हर्लिन म्हणाला, आजपासून कोणीच आपले फासे टाकायचे नाहीत. डावीकडच्याने टाकायचे, आधी विचारायचं. कारण सांगितलं नाही. तिला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून. आम्हाला कळलं. तिलाही कळलं असणार. ती गेल्यावर त्याने खेळ लिहायला घेतला. पहिल्यांदा तेच पान लिहिलं, पोरी. बाकीची सत्तेचाळीस त्याच्या पुढेमागे.”

मी काटा खाली ठेवला. मग म्हणाले, “त्याने मला का नाही सांगितलं?”

“सांगत होता. मी कोबी चिरत होते. तू म्हणालीस, कागदावर नाही ते नाही.”

“तू तरी बोलायचंस!”

“बोलायला हवं होतं. मला वाटलं, तोच सांगेल. आणि त्याला मेळ्याला जायचंय. तू शिकलेली. तुला ठाऊक असणार, असं वाटलं आम्हाला सगळ्यांना.”

मी तेव्हाच त्याच्या घरी जायला हवं होतं. गाडीने सात मिनिटं. मी घरी गेले आणि पत्र लिहायला बसले. मला ते नीट सांगायचं होतं. शनिवारी तीन मसुदे केले. पहिल्यात मी फार रडत होते. दुसऱ्यात माझंच समर्थन होतं. तिसरा बरा होता, पण शेवट जमत नव्हता. ठरवलं, रविवारी हातात देईन.

रविवारी सकाळपासून बर्फ. दुपारी फोन वाजला.

“आज येऊ नकोस,” व्हर्लिन म्हणाला. “रस्ते वाईट आहेत. ड्वेनलाही सांगितलं. तो म्हणतो, बस घेऊन येतो. म्हटलं, गप घरी बस.”

“व्हर्लिन.”

“काय?”

पत्र समोर होतं. नुसतं वाचून दाखवायचं होतं.

“पानांचं कुठवर आलं?” मी म्हणाले.

“आकडे बदलतोय. एक पान काढलं की पुढचे सगळे चुकतात. आणि मजकुरात जिथे जिथे ‘अमुक पान बघा’ आहे तेही. निम्मं झालंय.”

“घाई नाही,” मी म्हणाले.

“एक मे आहे की.”

“हो. पण घाई नाही.”

“बरं. पुढच्या रविवारी ये. सामने संपले, आता ड्वेन माणसात असेल.”

मंगळवारी सकाळी नगरपालिकेचा बर्फ लोटणारा ट्रक गेला आणि घराच्या तोंडाशी नेहमीसारखा बर्फाचा बांध रचून गेला. व्हर्लिन फावडं घेऊन बाहेर पडला. समोरच्या बाईने खिडकीतून त्याला थांबलेला पाहिलं. तिला वाटलं, दम घेतोय. परत पाहिलं तेव्हा तो बर्फात बसला होता, फावडं मांडीवर.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि बटाट्याचं सॅलड होतं. फाउंड्रीतली म्हातारी माणसं भिंतीकडेने बसली होती. ड्वेनने टाय घातला होता. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ कॉफी ढवळत होता. त्यात साखर नव्हती.

“निघाला,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

“तुला म्हणून सांगतो, शेवटच्या दोन्ही रविवारी मी मनातल्या मनात विचारत होतो. तू तुझे फासे टाकायच्या आधी. सवय गेली नाही.” त्याने कप खाली ठेवला. “तू काही म्हणाली नाहीस, म्हणून मीच तुझ्या वतीने काहीतरी ठरवायचो.”

काय ठरवायचास, हे मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये आर्लिसने मला फाइल आणून दिली. घर रिकामं करायचं होतं. पोलादी पट्टी ड्वेनने घेतली. फासे तिने ठेवले.

“एक मे तुझ्या लक्षात असेलच,” ती म्हणाली. “पाठवायचं की नाही, आणि कसं, ते तू ठरव. आम्हाला त्यातलं कळत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “कळतं. पण तू ठरव.”

मी फाइल वाचनालयात उघडली, दुपारच्या सुट्टीत, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. तळाशी अकरावं पान उलटं होतं. त्यावर माझी टिपणं टाचणीने लावलेली. त्याने त्या पानावर काही खोडलं नव्हतं आणि काही लिहिलंही नव्हतं.

मग मी वरून पानं बघत गेले. दहापर्यंत सगळं पूर्वीसारखं. दहानंतरच्या पानावर बारा खोडून अकरा केलेले. रबराखाली जुना आकडा पुसट दिसत होता. पुढे तेराचे बारा, चौदाचे तेरा. प्रत्येक आकडा तितकाच नीट, त्याच कोपऱ्यात. मजकुरातही, ‘पान अठरा बघा’ असेल तिथे त्याने सतरा केलं होतं. सोळा झालेल्या जुन्या सतरावर माझ्या म्हणण्याप्रमाणे नकाशासाठी चौकट आखली होती. मी एकेक पान उलटत होते. एकविसाचे वीस. बाविसाचे एकवीस. चोविसाचे तेवीस केले होते, आणि त्या पानाच्या घडीत रबराचा थोडा चुरा तसाच राहिला होता, खिशात टाकायचा राहिलेला.

त्याखालच्या पानावर आकडा पंचवीसच होता.